महेंद्र गमरेंनी ऑइल बदललं

महेंद्र गमरे यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, ही गोष्ट डोंबिवलीच्या सुप्रभात सोसायटीत फक्त एका माणसाला ठाऊक नव्हती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः महेंद्र गमरे.

एरवी माणूस हुशार. एका महापालिकेच्या पाणी खात्यात वरिष्ठ लिपिक. नळाला पाणी येत नाही म्हणून दिवा गावाहून माणसं तावातावाने यायची. महेंद्रराव त्यांना खुर्ची द्यायचे, घरची विचारपूस करायचे आणि 'सोबत मागच्या पावतीची साक्षांकित प्रत जोडा' असं इतक्या मायेने सांगायचे, की माणसं पाण्याचं विसरून प्रत काढायला जायची. पण टेबलामागे बसून जी अक्कल चालते ती गाडीखाली झोपून चालेलच असं नाही, हा भेद त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

गाडी मुळात सासऱ्यांची. भगवान तांबे, विठ्ठलवाडीच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अख्खी विठ्ठलवाडी त्यांना सर म्हणते म्हणून जावईही सरच म्हणत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरांना गाडी चालवायची मनाई केली, तेव्हा त्यांनी ती विकली नाही, जावयाला दिली. वैशालीच्या, म्हणजे मुलीच्या, लग्नात सर रडले नव्हते. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, असं वैशाली आजही जरा रागानेच सांगते. तेव्हापासून सरांचा फोन आला की आधी गाडीची खुशाली, मग मुलीची, आणि वेळ उरला तर जावयाची.

त्या शनिवारी फोन आला तो असाच.

"जय भीम, महेंद्रराव. पुढच्या रविवारी माजिवड्याला हॉलवर माझा सत्कार ठेवलाय मुलांनी. पंच्याहत्तरीचा." सरांची 'मुलं' म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेली, टक्कल पडलेली माणसं. "ते गाडी पाठवतो म्हणत होते. मी सांगितलं, मी माझ्या गाडीतून येणार. तुम्ही मला घ्यायला या."

"येतो ना सर, म्हणजे काय!"

"त्याआधी ऑइल बदलून घ्या. वेळ झालीये. मी तर स्वतः बदलायचो, अंगणात. गाडीला परका हात लागू दिला नाही कधी."

यातलं पहिलं वाक्य 'बदलून घ्या' असं होतं, म्हणजे गॅरेजवाल्याकडून. महेंद्ररावांनी ऐकलं ते शेवटचं. परका हात! ते फोन ठेवून आपल्या हाताकडे बघत बसले. हा हात परका की घरचा, याचा निकाल उद्याच लागायला हवा होता.

रविवारी सकाळी त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतली गाडी वेगळी होती, माणूस भलत्याच भाषेत बोलत होता, आणि त्याने गाडी हवेत उचलून धरली होती. या सगळ्या किरकोळ गोष्टी आहेत असं महेंद्ररावांनी ठरवलं. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक पडून होते. त्यांचे दोन ढीग करून त्यांनी पुढची चाकं त्यावर चढवली. लगेच सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव शेलार बनियनवर खाली आले.

"गमरेसाहेब, हे ब्लॉक सोसायटीचे आहेत."

"परत ठेवतो."

"तसं नाही. नेण्याआधी अर्ज करायला पाहिजे. म्हणजे माझी हरकत नाहीये, पण उद्या सगळेच गाड्या चढवायला लागले तर?" एवढं बोलून कुंडलिकराव गेले नाहीत. प्लास्टिकची खुर्ची मागवून तिथेच बसले. रविवार होता.

महेंद्रराव गाडीखाली शिरले. त्यांना एक बोल्ट शोधायचा होता आणि एक सापडला, तेव्हा तोच तो. इथे सांगून टाकायला हरकत नाही, की गाडीच्या पोटाला तेलाचे दोन बोल्ट असतात. एक इंजिनाचा, एक गिअरबॉक्सचा. महेंद्ररावांनी खोलला तो गिअरबॉक्सचा. म्हणजे गिअरबॉक्सचं होतं नव्हतं ते तेल त्यांनी खाली काढलं, आणि नवं तेल वरून इंजिनात ओतलं, जिथे जुनं तेल जागच्या जागी भरलेलं होतंच. इंजिन दुप्पट भरलं, गिअरबॉक्स कोरडा पडला. आपल्याला हे एका दमात कळलं. महेंद्ररावांना कळायला पुढचा रविवार उजाडावा लागला, आणि मधल्या दिवसांत त्यांची जी गत झाली तीच खरी सांगण्यासारखी आहे.

सूर्यफुलाच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये जे उतरलं ते सोनेरी होतं. मधासारखं.

"अंकल, जुनं ऑइल काळं निघतं ना?" तळमजल्यावरचा विनीत बाइक पुसता पुसता म्हणाला. विनीत कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि दर सुट्टीला बाइक घेऊन लांब कुठेतरी जायचा, त्यामुळे गाड्यांच्या बाबतीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

"काळं निघतं ते तुमच्याआमच्या गाड्यांचं," महेंद्रराव म्हणाले. "ही सरांची गाडी आहे. मेंटेन केलेली."

विनीत पुन्हा बाइक पुसायला लागला. कुंडलिकराव कॅनमध्ये डोकावून म्हणाले, "वा! ह्यात भजी तळावीत."

नवं तेल ओतून झाल्यावर महेंद्ररावांनी तेल मोजायची दांडी पुसून, आत घालून, बाहेर काढली. तेल खुणेच्या कुठल्या कुठे वर. दांडी पुसून पुन्हा बघितली. तेवढंच. एकदा डोळे मिटून, मनात पाच आकडे मोजून बघितली. तरी तेवढंच.

"नवं आहे, अजून बसलं नसेल," कुंडलिकराव म्हणाले. "डब्यात तांदूळ भरताना आपण डबा आपटतो की नाही?"

तेव्हा दोघांनी मिळून बॉनेटला धरून गाडी वरखाली हिंदकळवली. तेल बसलं नाही. महेंद्ररावांनी मात्र बॉनेट बसवलं, आणि चक्कर मारायला निघाले.

सोसायटीच्या गेटपर्यंत सगळं ठीक होतं. गेटबाहेर वळताना त्यांनी आरशात पाहिलं तर मागची सोसायटी दिसेना. निळसर पांढऱ्या धुराचा एक भला मोठा लोट गाडीमागून निघाला होता आणि बी विंगवर चढत होता. वरच्या मजल्यांवर धडाधड खिडक्या लागल्या. एक बाई गॅलरीत येऊन ओरडल्या, "अगं, डासांची फवारणी आलीये! पाण्याची भांडी झाका!" दोन बायका तोंडाला पदर लावून मुलांना आत ओढत होत्या. महेंद्रराव भेदरून गल्लीला वळसा घालून परत आले, तेव्हा धुराची दुसरी फेरी झाली.

संध्याकाळी कुंडलिकरावांना चौघांनी येऊन धन्यवाद दिले. फवारणीसाठी ते वर्षभर अर्ज करत होते. त्यांनी धन्यवाद स्वीकारले आणि रात्री हळूच महेंद्ररावांना फोन केला, "धूर कशाचा होता ते मी कोणाला बोललो नाहीये. तुम्हीपण बोलू नका. डास खरंच कमी झालेत."

महेंद्ररावांना डासांचं सुख नव्हतं. त्यांचं डोकं एकाच गोष्टीवर अडलं होतं. पाणी खात्यातला त्यांचा सगळा अनुभव असा, की वरून सोडलं त्यापेक्षा खाली नेहमी कमी पोचतं. फरक पडतो त्याला गळती म्हणतात, आणि गळती समजण्यासारखी असते. पण काढलं त्याहून जास्त उरतं, याला काय म्हणायचं? याला त्यांच्या खात्यात शब्दच नव्हता.

"अहो, जेवा ना," वैशाली म्हणाली. "तेलच तर आहे."

"मी आतलं सगळं काढलं. मग नवं घातलं. तर मग दुप्पट कसं झालं?"

"मोजायची काठी उलटी घातली असेल."

"तिला उलटं टोक नाहीये!"

"मग मला नका विचारू. पप्पांना विचारा."

या एका वाक्याने ते घास घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्यांनी जास्तीचं तेल कमी करायचं ठरवलं. पुन्हा पेव्हर ब्लॉक, पुन्हा तोच बोल्ट. खाली परात धरली, बोल्ट काढला आणि वाट पाहिली. एक थेंब आला. थोड्या वेळाने दुसरा यावासा वाटला, पण तो आलाच नाही. वर दांडी सांगत होती की आत तेलाचा पूर आलाय, आणि खालून गाडी ठणठणीत कोरडी. महेंद्ररावांनी बोल्टच्या भोकात बोट घातलं. बोटाला काही लागलं नाही.

"वर चढलंय तेल," कुंडलिकराव खुर्चीतून म्हणाले. "आमच्या मेव्हण्याला असंच बीपी होतं. पाय गार आणि डोकं गरम."

"एअरलॉक असेल अंकल," विनीत म्हणाला.

एअरलॉक! हा शब्द ऐकताच महेंद्ररावांना माहेरी आल्यासारखं वाटलं. नळाला पाणी येत नसेल तेव्हा एअरलॉक असतो, हे त्यांनी दिव्यातल्या कितीतरी लोकांना स्वतः समजावून सांगितलं होतं. त्यावर उपायही ठरलेला, पाइप ठोकायचा. त्यांनी चपलेने गाडीचं पोट ठोकलं. मग विनीतने सुचवलं म्हणून तेल ओतायच्या तोंडाला तोंड लावून फुंकर मारली. तेल हललं नाही. मात्र वर आले तेव्हा महेंद्ररावांच्या ओठांवर काळी मिशी उमटली होती, आणि ती पुसायला साबण, रॉकेल आणि वैशालीचं क्रीम असं तिन्ही लागलं.

त्या गडबडीत घरी आणलेला तो सोनेरी तेलाचा कॅन स्वयंपाकघराच्या गॅलरीत राहिला. महेंद्ररावांच्या आई मीराबाई गुडघेदुखीच्या. सकाळी त्या खुर्चीत बसून पाय चोळताना दिसल्या.

"आई, हे काय लावलंस?"

"कॅनमधलं तेल. वासाला जरा उग्र आहे रे, पण गुणाला चांगलं दिसतंय. रात्री कुरकुर नाही झाली."

"अगं, ते गाडीचं तेल आहे!"

मीराबाईंनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "मग गाडीला कशाला काढलंस? तिला लागत नव्हतं का?"

पुढे महेंद्ररावांना वाटत राहिलं, की त्या आठवड्यात मुद्द्याचा प्रश्न विचारणारी एकच व्यक्ती होती आणि आपण तिला पाय धुवायला पाठवलं.

बुधवारी सूचना फलकावर नोटीस लागली. 'बी विंग पार्किंगमध्ये तेलाचे डाग पाडणाऱ्या सभासदाने सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली कुंडलिकरावांची सही आणि शिक्का. डाग पडला तेव्हा कुंडलिकराव शेजारच्याच खुर्चीत बसून त्याच तेलात भजी तळायच्या गोष्टी करत होते. महेंद्ररावांनी ते लक्षात आणून दिलं.

"मी तिथे शेजारी म्हणून होतो," कुंडलिकराव दुखावल्या स्वरात म्हणाले. "नोटीस सेक्रेटरी म्हणून काढलीये."

एव्हाना गाडीने आणखी एक आवाज सुरू केला होता. गिअर टाकून वेग घेतला की कुठूनतरी 'घुंईंऽऽ' असा सूर निघायचा. तेल दुप्पट झाल्यामुळे इंजिन रडतंय, असा महेंद्ररावांचा समज झाला. इंजिनाच्या काळजीने त्यांचं ऑफिसातलं लक्ष उडालं. एका दिवावासीयाचा अर्ज त्यांनी एकही कागद न मागता मंजुरीला पाठवला. तो माणूस घाबरून दोनदा परत येऊन विचारून गेला की नक्की झालं ना.

शेवटी त्यांनी माजिवड्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"नमस्कार सर, अक्षदा बोलतेय. काय प्रॉब्लेम आहे गाडीला?"

"इंजिन खराब झालं असावं. तेल बदलल्यापासून."

"ओके सर. तेल कुठल्या वर्कशॉपमध्ये बदललं?"

महेंद्रराव अडखळले. "सुप्रभात सोसायटी. बी विंग."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. "सुप्रभात... बी विंग. ओके. सर, इंजिन डॅमेजची केस आहे ना, तर आधीच्या वर्कशॉपचं लेटर लागेल. कुठलं तेल घातलं, किती घातलं, आणि आमची काही हरकत नाही असं. त्यांच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. ते असेल तरच आम्ही गाडी उघडतो."

"अहो मॅडम, वर्कशॉप म्हणजे मीच!"

"मग तर सोपंच आहे ना सर. तुम्हीच तुम्हाला लेटर द्या."

दुसरा कोणी असता तर भडकला असता. महेंद्ररावांना मात्र रागावता येईना. त्यांना त्या मुलीचं मनातून कौतुकच वाटलं. त्यांनी स्वतः आयुष्यभर हेच केलं होतं, पण 'तुम्हीच तुम्हाला लेटर द्या' इथपर्यंत त्यांची मजल कधी गेली नव्हती.

तरी ते कुंडलिकरावांकडे शिक्का मागायला गेले. कुंडलिकरावांनी शिक्का कपाटातून काढला, त्याच्यावर फुंकर मारली, आणि परत कपाटात ठेवला.

"देता येणार नाही. तुमचा खुलासा पेंडिंग आहे. पेंडिंग खुलासा असलेल्या सभासदाला हरकत नाही असं सोसायटी कसं म्हणणार? सोसायटीची हरकत आहे."

शनिवार उजाडला तरी हे सगळं जिथल्या तिथे होतं. मग वैशालीनेच विषय हातात घेतला.

"उद्या पप्पांना आणायचंय. तुम्ही गाडी स्टेशनजवळच्या रतनकडे दाखवताय की मी पप्पांना फोन करू?"

रतनने आपल्या गॅरेजमध्ये दांडी बघितली आणि शिट्टी वाजवली. मग एक बारीक नळी दांडीच्या भोकातून आत सोडून त्याने जास्तीचं तेल ओढून घेतलं. तेल खुणेवर आलं. गाडी चालू केली, धूर बंद. महेंद्ररावांना रतनच्या पाया पडावंसं वाटलं.

"साहेब, तेल जास्त होतं. काढलं. इंजिन ओके."

"पण रतन, मग मी आधी जे काढलं ते तेल कुठलं?"

"तेच."

"तेच कसं? ते मी काढलं होतं ना."

"मग राहिलं असेल."

"दुप्पट राहिलं?"

रतनने हात पुसले. मागे दोन गाड्या उभ्या होत्या. "साहेब, एवढा लोड नाय घ्यायचा. गाडी चालतेय ना?"

"तो घुंई आवाज?"

"टायरचा असेल. आजकालचे रोड बघताय ना."

महेंद्ररावांनी ते मान्य केलं. पटलं म्हणून नव्हे. आठवडाभर न कळण्याचा त्यांना एवढा थकवा आला होता की कोणीतरी कशालातरी 'ओके' म्हणालं हेच पुष्कळ होतं.

रविवारी सर विठ्ठलवाडीला फाटकात उभेच होते. पांढराशुभ्र शर्ट, निळं जाकीट, खिशाला पेन. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, टपावरून हात फिरवला, आणि मगच मुलीला म्हणाले, "कशी आहेस?" ते पुढे बसले. मागे वैशाली आणि मीराबाई. कल्याण सोडून दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत सर आपल्या भाषणाचे मुद्दे मनातल्या मनात घोळवत होते. कोन गावाच्या पुढे त्यांचं घोळवणं थांबलं.

"महेंद्रराव, हा आवाज कसला?"

"टायरचा आहे सर. रोड खराब आहेत."

"रोड तर गुळगुळीत आहे."

"हो ना," महेंद्रराव म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बाजूची काच वर केली.

घुंईचा सूर चढत चढत किंकाळीवर गेला. माणकोलीच्या आसपास गिअर बदलायला गेले तर दांडा हलेना. हललाच तेव्हा आतून असा करकरीत आवाज आला की मीराबाईंनी मागून विचारलं, "दगडावर गेली का रे?" मग जळकट वास, एक हिसका, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जी थांबली ती थांबली. इंजिन व्यवस्थित चालू होतं. नुसतं चालू होतं. गाडी जागची हलत नव्हती.

सर घड्याळाकडे बघत होते. वैशाली नवऱ्याकडे बघत होती. महेंद्रराव स्टिअरिंगकडे बघत होते, कारण बघायला तेवढंच सुरक्षित उरलं होतं.

"रिक्षा करूया पप्पा," वैशाली म्हणाली. "वेळ व्हायला नको."

"मी माझ्या गाडीतून येणार असं सांगितलंय," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. पण शाळेत कधीकाळी हाच आवाज ऐकून वर्ग उभे राहायचे.

गाडी उचलून नेणारा ट्रक जवळच्याच गावातून आला. चालवणारा दिपेश भोईर, तिथलाच राहणारा, गळ्यात जाड चेन, स्वभावाने मोकळा. त्याच्या ट्रकच्या पाठीवर सलग फळी नव्हती, चाकांपुरत्या दोन रुंद लोखंडी पट्ट्या होत्या, मधे रिकामं. त्याने साखळी लावली आणि मग आत बघितलं.

"आजोबा, उतरा. गारीत बसून नाय जमत वर."

"कोणत्या कलमाखाली?" सरांनी विचारलं.

दिपेशला धंद्यात लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले होते. हा नवा होता. "कलम नाय ठाऊक. पण नाय जमत."

"नियम ठाऊक नसेल तर तो दुसऱ्याला सांगू नये. नाव काय तुझं?"

"दिपेश," असं म्हणताना दिपेशचे हात आपोआप मागे गेले. "बरं, बसा. पण पट्टा लावा, काचा वर, आनि सोबत एक मानूस पाहिजे. मी हलू चालवतो."

साखळी ताणली गेली. सरांना पोटात घेऊन गाडी तिरकी होत ट्रकवर चढायला लागली. महेंद्रराव मागे उभे होते. पट्ट्यांच्या मधल्या फटीतून, भर उन्हात, गाडीचं पोट त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. आठवडाभर ते त्याच पोटाखाली लोळले होते, पण नाकाला टेकलेल्या वस्तूत जेवढं दिसतं तेवढंच त्यांना दिसलं होतं. आता सगळं एकदम दिसलं. एक बोल्ट ओला, चकचकीत, त्यांच्या पान्याने कडा झिजलेला. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरा बोल्ट. काळा, मळाने माखलेला, कोणीही हात न लावलेला.

"दोन टाक्या!" महेंद्रराव मोठ्याने म्हणाले.

"काय?" वैशालीने विचारलं.

"अगं, दोन टाक्या आहेत! एकीचं काढलं, दुसरीत भरलं!"

आठवडाभराचा हिशेब एका क्षणात जुळला. हिशेब जुळल्यावर इतकं वाईट वाटायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. आपण इंजिनाची काळजी करत राहिलो. इंजिन, धूर, दांडी, एअरलॉक. आणि जो बिचारा गिअरबॉक्स आतल्या आत कोरडा पडून 'घुंई' करून सांगत होता, त्याला आपण टायर म्हणालो.

पुढे सर्व्हिस सेंटरचाही निकाल तसाच आला. हरकत नसल्याचं पत्र महेंद्ररावांनी शेवटी आपल्याच सहीने आपल्यालाच दिलं, सोसायटीला खुलासाही दिला, तेव्हा कुठे गाडी उघडली. अक्षदाने फोनवर सांगितलं, "सर, गुड न्यूज! इंजिन एकदम हेल्दी आहे." गिअरबॉक्स मात्र दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता, तो अख्खा बदलावा लागला, आणि त्यात दिवाळीचा बोनस गेला. पण त्या दिवशी, माणकोलीला, हे काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की ट्रकच्या वर गाडीत सर बसलेत आणि सोबत एक माणूस पाहिजे.

वैशाली आणि मीराबाई ट्रकच्या केबिनमध्ये दिपेशशेजारी चढल्या. मीराबाईंना वरून रस्ता फार छान दिसत होता. महेंद्रराव पट्टीवरून तोल सांभाळत गेले आणि गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसले, कारण दुसरी जागा घ्यायची त्यांची छाती नव्हती. ट्रक निघाला. खारेगाव आलं. शेवटी महेंद्ररावांनी पुढच्या काचेकडे बघत सांगून टाकलं.

"सर, चूक माझी आहे. मी ऑइल स्वतः बदलायला गेलो. इंजिनाचं काढायचं ते गिअरबॉक्सचं काढलं. सगळं. आठवडाभर गाडी तशीच चालवली."

सरांनी चष्मा काढला. महेंद्ररावांना वाटलं, आता उतरायला सांगतात. पण चालत्या ट्रकवरच्या गाडीतून उतरायचं कसं, याचा विचार करायलाही त्यांना सुचेना.

"गिअरबॉक्समध्ये तेल नव्हतं?"

"नव्हतं."

"अजिबात?"

"थेंब नव्हता सर."

"आणि डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला आली. विठ्ठलवाडीहून माणकोलीला आली. चार माणसं घेऊन."

"हो."

सरांनी समोरच्या डॅशबोर्डवर, ऊन लागून भेगाळलेल्या प्लास्टिकवर, तळहात ठेवला. शाळेतल्या एखाद्या मागच्या बाकावरच्या मुलाने पहिला नंबर काढावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"चांगली गाडी आहे," ते म्हणाले.

माजिवड्याच्या नाक्यावर ट्रक वळला, तशी हॉलच्या कमानीखाली उभी असलेली टक्कलवाली मुलं दिसली. बेंजोवाले होते. हार होते. त्यांनी आधी ट्रक पाहिला, मग ट्रकवरची गाडी, मग गाडीत पांढऱ्या शर्टात ताठ बसलेले सर.

"अरे, सरांना रथातून आणलंय!" त्यातला एक ओरडला. "कोणाची आयडिया रे? मानलं!"

बेंजो वाजायला लागला. केबिनमधून मीराबाईंनी कोणीही न सांगता हात हलवायला सुरुवात केली. दिपेशने ट्रकचा वेग माणसाच्या चालीवर आणला आणि लांबलचक हॉर्न दिला. रिक्षावाले थांबून बघत होते. लोक मोबाइल वर धरून ट्रकच्या बाजूने चालू लागले. सरांनी काच खाली केली, एक हात बाहेर काढला आणि सावकाश हलवला. हसले मात्र नाहीत. मुख्याध्यापकाने हसायचं नसतं.

"महेंद्रराव," ओठ न हलवता ते म्हणाले, "स्टिअरिंग धरा."

महेंद्ररावांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ट्रक हॉलच्या आवारात डावीकडे वळू लागला तेव्हा त्यांनी तेही जरासं डावीकडे वळवलं, आणि इतक्या लोकांदेखत चूक नको म्हणून, आधी आरशात बघून, डावा इंडिकेटर दिला.